म्हातारपण नव्हे, आजार : मेंदूतला दाह समजून घेऊ या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला आमच्या दारावर थाप पडली. दोन गल्ल्या पलीकडची सूनबाई धापा टाकत उभी होती. म्हणाली, "सिस्टर, लवकर चला. आईंना बाहेरचं काहीतरी झालंय. भिंतीशी बोलतात, मला ओळखत नाहीत. शेजारची म्हणते, उद्या सकाळी अमक्या बाबाकडं नेऊन आणा."

आम्ही गेलो. सत्तरी ओलांडलेल्या आजी गोधडीवर बसून हवेतून काहीतरी वेचत होत्या. आदल्या दिवशी दुपारी याच आजी दारात बसून तांदूळ निवडत होत्या, नातवाला हाका मारत होत्या. अंग जरासे कोमट होते, जीभ कोरडी पडली होती. खोदून विचारले तेव्हा सून म्हणाली, "दोन दिवस लघवीला जळजळ होते म्हणत होत्या. रात्री संडासला लांब जावं लागतं, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत."

रात्रीच रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. सलाइन लागले, अँटिबायोटिक सुरू झाले. चौथ्या दिवशी सकाळी आजींनी सुनेला नावाने हाक मारली आणि चहा मागितला.

आजींना कोणी झपाटलेले नव्हते. म्हातारचळही नव्हता. पण एक प्रश्न त्या सूनबाईने आम्हाला विचारला, तो फार मोलाचा आहे. "सिस्टर, जंतू होता लघवीत. मग डोकं कसं बिघडलं?" या प्रश्नाच्या उत्तरातूनच स्मृतिभ्रंश आणि कंपवात या दोन मोठ्या आजारांकडे जाणारी वाट सापडते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर तेच उत्तर सविस्तर देत आहोत.

निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो कसा?

आपल्याला ताप येतो तेव्हा काय होते, ते आठवा. भूक मरते. अंग मोडून येते. कोणाशी बोलू नये, अंधारात पडून राहावे असे वाटते. जंतू असतो घशात, पण मन मात्र उडून जाते. याचे कारण असे की, शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना जंतू सापडला की त्या रक्तात काही रसायने सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ ही त्यांतली महत्त्वाची नावे. ही रसायने म्हणजे निरोप्ये.

प्रत्येक पेशीच्या अंगावर कुलपासारख्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. निरोप्या म्हणजे किल्ली. किल्ली नेमक्या कुलपात बसली की पेशीच्या आतली प्रथिने एकामागून एक जागी होतात. हातोहात निरोप पुढे जातो आणि शेवटी पेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचतो. मग पेशी आपले वागणे बदलते. नवी प्रथिने तयार करते, स्वतःही निरोप पाठवू लागते. यालाच पेशींचे संदेशवहन म्हणतात. आपल्या शरीरात हे काम दिवसरात्र चालू असते.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट विणीच्या असतात. रक्तातले वाटेल ते आत जाऊ नये म्हणून हा बंदोबस्त. तरीही निरोप आत पोहोचतोच. काही निरोप त्या भिंतीतल्या पेशी पुढे देतात. काही निरोप पोट आणि छातीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूवाटे जातात. म्हणजे जंतू लघवीच्या पिशवीतच राहतो, पण त्याच्याविरुद्धच्या लढाईची बातमी मेंदूपर्यंत जाते. तरुण माणसाचा मेंदू ही बातमी पचवतो. वृद्ध माणसाच्या, आधीच थकलेल्या मेंदूत मात्र ती गोंधळ माजवते. जुनी माणसे याला ‘वात झाला’ म्हणत. डॉक्टर डिलिरियम म्हणतात. आजींना झाले होते ते हेच.

डोक्यातले गस्तवाले

माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. आठवणी, बोलणे, चालणे हे सारे त्यांच्या एकमेकींशी असलेल्या जोडण्यांवर चालते. पण मेंदूत चेतापेशी एकट्या राहत नाहीत. त्यांना जपणाऱ्या आणखी पेशी तिथे असतात. त्यांतल्या एका जातीचे नाव मायक्रोग्लिया. १९१९ साली पिओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने चांदीच्या क्षाराने मेंदूचे पातळ काप रंगवून या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या.

मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतले गस्तवाले. पूर्वी समजूत होती की काही बिघडले नाही तर या पेशी झोपून असतात. २००५ साली शास्त्रज्ञांनी जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने पाहिले, तेव्हा दिसले की या पेशी झोपत नाहीत. आपल्या बारीक फांद्या हलवत त्या आजूबाजूची जागा सतत चाचपत असतात. कुठे मेलेली पेशी पडली आहे का, कुठे जंतू शिरला आहे का, कुठे कचरा साठला आहे का, हे त्या बघतात. सापडले की गिळून साफ करतात.

आता आपल्या वस्तीतल्या गस्तीचे उदाहरण घेऊ. चोर दिसला की गस्तवाला शिट्टी वाजवतो. लोक काठ्या घेऊन बाहेर येतात. चोर पळतो, शिट्टी थांबते, लोक घरी जाऊन झोपतात. मेंदूतही असेच असते. धोका दिसला की मायक्रोग्लियाच्या आत एनएफ-कप्पाबी नावाचा खटका दाबला जातो आणि ती दाहाची रसायने तयार करू लागते. धोका मोठा असला तर एनएलआरपी-३ नावाची प्रथिनांची जुळणी होते आणि त्यातून इंटरल्युकिन-१ हे फार तिखट रसायन बाहेर पडते. हा जणू मोठा भोंगा. याच्या उलट निरोपही असतात. निरोगी चेतापेशी फ्रॅक्टलकाइन नावाचे रसायन वापरून गस्तवाल्यांना सारखे सांगत असतात की, इथे सगळे ठीक आहे, शांत राहा.

म्हणजे दाह हा मुळात आपला शत्रू नाही. तो नसता तर साध्या जखमेने माणूस दगावला असता. अडचण येते ती शिट्टी थांबत नाही तेव्हा. रात्रंदिवस भोंगा वाजतोय, लोक काठ्या घेऊन अंधारात फिरतायत, अशा वेळी काठी आपल्याच माणसाला लागते. मेंदूत महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे दाह चालू राहिला की नेमके हेच होते. दाहाच्या रसायनांनी चेतापेशी थकतात, त्यांच्या जोडण्या तुटतात. चेतापेशी थकल्या की त्यांच्याकडून येणारा ‘सगळे ठीक आहे’ हा निरोपही क्षीण होतो. मग गस्तवाले आणखी चवताळतात.

रेल्वेतल्या कारकुनाची बायको

१९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात आउगुस्टे डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईला मनोरुग्णालयात दाखल केले गेले. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. सुरुवातीला ती नवऱ्यावर विनाकारण संशय घेऊ लागली. मग स्वयंपाकात चुका होऊ लागल्या, वस्तू कुठे ठेवल्या ते आठवेना. पुढे पुढे तिला स्वतःचे नावही नीट लिहिता येईना. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिची बारकाईने नोंद ठेवली. १९०६ साली ती वारली. डॉक्टरांनी तिचा मेंदू तपासला. चेतापेशींच्या बाहेर चिकट गोळे साठलेले दिसले आणि पेशींच्या आत धाग्यांचा गुंता झालेला दिसला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी ही माहिती डॉक्टरांच्या सभेत मांडली. चेतापेशींच्या भोवतीच्या आधारपेशीही बदललेल्या आहेत, हेसुद्धा त्यांनी नोंदवले होते. पण पुढची कित्येक वर्षे तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

आज आपल्याला माहीत आहे की ते बाहेरचे गोळे अमायलॉइड-बीटा या प्रथिनाचे असतात आणि आतला गुंता टाउ या प्रथिनाचा. अमायलॉइड साठू लागले की मायक्रोग्लिया तिथे जमतात. कचरा गिळायचा, गोळ्याभोवती कडे करायचे, हे त्यांचे कामच. सुरुवातीला त्याचा फायदाच होतो. पण कचरा संपत नाही, भोंगा थांबत नाही. मग ॲस्ट्रोसाइट नावाच्या दुसऱ्या आधारपेशीही या दाहात ओढल्या जातात. उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले की मायक्रोग्लिया चेतापेशींमधल्या चांगल्या जोडण्याही कचरा समजून खाऊ लागतात. आठवण राहते ती या जोडण्यांत. जोडणी गेली की आठवण गेली.

२०१३ साली एक महत्त्वाचा धागा हाती लागला. ट्रेम-२ नावाचा एक रिसेप्टर मायक्रोग्लियावर असतो. कचरा ओळखायला तो मदत करतो. ज्यांच्यात या रिसेप्टरच्या जनुकाचा एक विरळ, सदोष प्रकार असतो, त्यांना अल्झायमरचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे दोन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवले. गस्तवाल्यांचे बिघडणे हा या आजाराच्या कारणांतलाच एक भाग आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. अर्थात दाह हे एकमेव कारण नाही. वय, अनुवंश, साठणारी प्रथिने, रक्तवाहिन्यांची स्थिती हे सगळे मिळून हा आजार होतो. पण दाह या सगळ्यांना जोडणारा धागा आहे.

हात थरथरतो म्हणजे प्यायलेला असतो, असे नाही

आमच्या ओळखीच्या एका काकांचा उजवा हात थरथरू लागला. चाल मंदावली, चेहऱ्यावरचे हसू गेले. ते आयुष्यात कधी दारूला शिवले नव्हते. तरी कामावर मुकादम म्हणाला, "सकाळी सकाळीच घेऊन आलास?" नाक्यावरची पोरे चालीची नक्कल करू लागली. काका घराबाहेर पडेनासे झाले. दोन वर्षे अशीच गेली. तपासणी झाली तेव्हा कळले की कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन.

जेम्स पार्किन्सन या लंडनच्या डॉक्टरने १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिले. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाच्या चेतापेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्या पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणे, ती सफाईने पार पाडणे हे डोपामिनवर अवलंबून असते. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. मरणाऱ्या पेशींत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या गाठी सापडतात, हे १९९७ साली दाखवले गेले. त्याआधी १९८८ साली पॅट्रिक मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कंपवाताने वारलेल्या रुग्णांच्या त्याच पुंजक्यात चवताळलेल्या मायक्रोग्लिया दिसल्या होत्या.

यातला सर्वांत डोळे उघडणारा पुरावा अमेरिकेतून आला. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी चोरट्या बाजारातला नकली हेरॉइनसारखा अमली पदार्थ टोचून घेतला. त्यात एमपीटीपी नावाचे विष मिसळलेले होते. काही दिवसांतच ती तरुण माणसे म्हाताऱ्या कंपवाताच्या रुग्णांसारखी लाकडासारखी ताठ झाली. त्यांच्यातल्या तिघांच्या मेंदूंची मृत्यूनंतर तपासणी झाली, तिचा अहवाल १९९९ साली आला. विष शरीरात जाऊन ३ ते १६ वर्षे लोटली होती. तरीही त्या पुंजक्यात मायक्रोग्लिया अजून चवताळलेल्या होत्या आणि चेतापेशी मरतच होत्या. चोर कधीच निघून गेला होता, शिट्टी मात्र वाजतच होती.

मग सुजेची गोळी घेतली तर?

हा प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. दाहच कारण असेल तर दुखण्या-सुजेची गोळी रोज घेतली की झाले. शास्त्रज्ञांनाही हेच वाटले होते. सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षे सुजेच्या गोळ्या घेणाऱ्यांत अल्झायमर कमी दिसतो, असे १९९० च्या सुमारास लक्षात आले होते. म्हणून अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. ७० वर्षांवरच्या, घरात स्मृतिभ्रंश असलेल्या सुमारे अडीच हजार माणसांवर नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दोन गोळ्यांचा प्रयोग करण्यात आला. हृदयाला धोका होण्याच्या भीतीने २००४ च्या डिसेंबरात गोळ्या बंद कराव्या लागल्या. आजार टळतो असेही दिसले नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, मेडिकलवरून दुखण्याची गोळी आणून रोज घेऊ नका. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे खराब होतात, बीपी वाढते. दिवसभर झाडलोट, धुणीभांडी, ओझी उचलणे ही कामे करणाऱ्या आपल्या आया-बहिणी या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात, हे आम्ही रोज पाहतो. मेंदूतला दाह शमवणारी, सिद्ध झालेली अशी कोणतीही गोळी आज बाजारात नाही. तसे सांगून टॉनिक, चूर्ण किंवा ‘मेंदूचे इंजेक्शन’ विकणाऱ्याला दारात उभे करू नका.

आग पेटती कशाने राहते?

गोळी नाही म्हणून हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. आगीत पडणारे इंधन कमी करता येते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या १४ गोष्टी सांगितल्या. त्या सगळ्या दूर करता आल्या तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा त्यांचा अंदाज आहे. त्या गोष्टी अशा : कमी शिक्षण, ऐकू कमी येणे, डोळ्यांचा न सुधारलेला दोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान, अति दारू, डोक्याला मार, नैराश्य, व्यायामाचा अभाव, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषण.

यांतल्या कितीतरी गोष्टी शरीरातला दाह वाढवतात. अंगात साखर वाढलेली असली, पोटावर चरबी साठली, विडीचा धूर फुप्फुसात गेला, की रक्तात तेच निरोप्ये फिरू लागतात. धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसातून रक्तात उतरतात. वाढलेल्या बीपीने मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या झिजतात आणि ती घट्ट विणीची भिंत सैल पडते. काही गोष्टी मात्र वेगळ्या वाटेने काम करतात. ऐकू येईनासे झाले, दिसेनासे झाले, कोणी बोलणारे उरले नाही, की मेंदूला काम राहत नाही. शिक्षणाने मेंदूतल्या जोडण्यांची शिल्लक वाढते. बँकेत शिल्लक असली की एखादा खर्च झेपतो, तसेच हे आहे.

आता ही यादी आपल्या वस्तीवर ठेवून बघा. कचरा जाळल्याचा धूर कोणाच्या दारात येतो? सिलिंडर परवडत नाही म्हणून चुलीपुढे कोण बसते? बीपीची गोळी संपली की पगार होईपर्यंत कोण थांबते? आज सत्तरीत असलेल्या आपल्या आयांतल्या किती जणींना शाळा पाहायला मिळाली? भारतात ६० वर्षांवरच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण जास्त आहे. शिक्षणाचे मोल आपल्या समाजाला कोणी नव्याने सांगायला नको. पण शाळेत गेलेली मुलगी साठ वर्षांनी आपल्या आठवणीही जपत असते, हे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

आपल्या हातात काय आहे?

१. तिशीनंतर वर्षातून एकदा तरी बीपी आणि साखर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. आशाताईंना विचारा. बीपीची, साखरेची गोळी बरे वाटले म्हणून बंद करू नका.

२. विडी, सिगारेट सोडा. मिश्री आणि तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला बोलावतात, त्याही सोडा. दारू सोडणे जमत नसेल तर लाज न बाळगता मदत मागा.

३. रोज अर्धा तास भरभर चाला. चालणे हे शरीरातला दाह कमी करणारे, फुकटचे औषध आहे. घरकामात कष्ट खूप होतात, पण सलग चालणे वेगळे.

४. आई-वडिलांना ऐकू कमी येत असेल तर कान तपासा. मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रिया लांबवू नका. ‘आता या वयात कशाला’ असे म्हणू नका.

५. स्कूटरवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घाला. कामावर उंचावर चढणाऱ्याने डोके जपा.

६. ज्येष्ठांना कोपऱ्यात बसवू नका. भाजी निवडणे, मुलांना गोष्ट सांगणे, विहारात चार माणसांत बसणे, सगळ्यात त्यांना घ्या.

७. रात्री संडास लांब असेल तर घरात भांड्याची किंवा कमोडच्या खुर्चीची सोय करा. पाणी तोडून लघवी टाळणे म्हणजे संसर्गाला आमंत्रण.

डॉक्टरकडे कधी न्यावे?

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत माणूस अचानक बरळू लागला, ओळखेनासा झाला, दिवसा झोपून रात्री गोंधळ घालू लागला, तर ती तातडीची वेळ समजा. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातले पाणी वा मीठ कमी होणे, साखर एकदम उतरणे, नव्या औषधाचा परिणाम, डोक्याला लागलेला मार, यांतले काहीही असू शकते. तोंड वाकडे झाले, एक हात-पाय लुळा पडला, बोलणे जड झाले, तर पक्षाघात समजून १०८ ला फोन करा आणि एक मिनिटही दवडू नका.

विसरणे महिन्यांगणिक हळूहळू वाढत असेल, तोच प्रश्न दिवसातून दहादा विचारला जात असेल, ओळखीच्या गल्लीत वाट चुकत असेल, रोजचा स्वयंपाक, पैशांचा हिशोब जमेनासा झाला असेल, तरीही दाखवा. कंपवातात हात स्वस्थ असतानाच थरथरतो, हालचाल मंदावते, अंग ताठरते, अक्षर बारीक होते. वास न येणे आणि बद्धकोष्ठता यांची सुरुवात तर त्याच्या कितीतरी वर्षे आधी होऊ शकते.

दाखवायचे मुख्य कारण हे की प्रत्येक विसरणे अल्झायमर नसते. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, पडल्यामुळे डोक्यात साकळलेले रक्त, या कारणांनीही माणूस विसरतो, आणि यांवर उपचार आहेत. कंपवातात लेव्होडोपा या औषधाने हालचाल बरीच सुधारते. वर सांगितलेले काका आता सकाळी स्वतः दूध आणायला जातात. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, पण डोनेपेझिलसारख्या औषधांनी काही जणांची काही काळ सोय होते, आणि घरातल्यांना पुढची तयारी करता येते.

माणूस सांभाळताना

"सुनेनं माझे पैसे चोरले," असे सासू गल्लीत सांगत सुटते. सून दिवसभर राबून वर हे ऐकते. बाई गं, हे आजार बोलतो आहे, सासू नाही. वाद घालू नका. "चला, मिळून शोधू" म्हणा आणि विषय बदला. खिशात किंवा गळ्यात नाव आणि फोन नंबर लिहिलेला कागद ठेवा. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. औषधे त्यांच्या हाताला लागू देऊ नका.

आणि सगळे एकट्या सुनेच्या किंवा मुलीच्या गळ्यात टाकू नका. मुलांनी, जावयांनी, शेजाऱ्यांनी पाळी लावावी. आठवड्यातून चार तास तरी तिला मोकळे करावे. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ या सरकारी मोफत हेल्पलाइन आहेत. सांभाळणारी थकली असेल तर तिनेही फोन करावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवाताचा समावेश आहे, तेव्हा पात्र रुग्णाने दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणे, मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असू द्या.

सुरुवातीच्या आजींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. त्या घरी आल्या, पण पूर्ण पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. आता कधीकधी दुपारी जेवल्याचे विसरतात. वृद्धपणी असा मोठा झटका येऊन गेला की पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. आजींनाही त्याची सुरुवात आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. सुनेने घरात कमोडची खुर्ची आणली आहे. दिवसाला सहा पेले पाणी द्यायचे, ही जबाबदारी नातवाने घेतली आहे. दर पेल्याला तो भिंतीवर खडूची एक रेघ ओढतो. परवा आम्ही गेलो तेव्हा पाच रेघा झाल्या होत्या आणि आजी त्याला म्हणत होत्या, "एक राहिली रे, आण."